दाराबाहेरचा माधो

माधव मास्तर त्या दिवशी घरून निघाला तो फक्त रजई पोचवायला. हे आधी ध्यानात ठेवा, पोरांनो. कारण नंतर त्याच्याबद्दल आणि त्याच्या थोरल्या भावाबद्दल लोकांनी काय काय म्हटलं, आणि म्हणणाऱ्यांत मीही होतो.

मीरा, कंदील जरा बारीक कर. डोळ्यांवर येतो. हं.

साल छप्पन्न. आपला जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, शाळेत अजून जुन्याच छापील कागदांवर काम चाललं होतं. माधव आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. पस्तिशीचा असेल. नालवाडीत माझ्यापासून दोन घरं सोडून दोन खोल्यांत राहायचा, तो आणि त्याची बायको सुलोचना. भुताखेताचं कोणी बोललं की इतर शिक्षक हसायचे, माधव रागवायचा. खरंच रागवायचा. म्हणायचा, अशा गोष्टींपायी माणसं औषधपाणी करत नाहीत आणि जीव जातात.

त्याचं गाव केळझरच्या पुढे दीड कोस आत. नाव सांगत नाही, त्यांची माणसं अजून तिथंच आहेत. घरी थोरला भाऊ डोमाजी, वहिनी विमलाबाई आणि आई आनंदाबाई. आई सत्तरीच्या पुढची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर माणूस उभा राहिला तर तिला नुसता आकार दिसायचा, ओळख पटायची ती आवाजावरून. डोमाजी शेती करायचा आणि आईला बघायचा. अबोल माणूस. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर खूप. माधव वर्षातून दोनदा घरी जायचा, पोळ्याला आणि दिवाळीला. त्या वर्षी दोन्ही सण राहून गेले. म्हणून त्यानं पिंजाऱ्याकडून नव्या कापसाची रजई भरून घेतली आणि शनिवारी, चोवीस नोव्हेंबरला, सकाळची शाळा सुटल्यावर ती बगलेत मारून मोटार स्टँडवर गेला.

तिथं त्याला नत्थूजी भेटला. डोमाजीचा शेजारी, कापसाची गाडी घेऊन बाजाराला आलेला. त्यानं माधवला बाजूला घेतलं.

"गावाले चालले का मास्तर? बरं केलं. मायले पाहून या."

"काऊन? बिमार हाय का?"

नत्थूजीनं इकडंतिकडं पाहिलं. "मी सांगतलं म्हणू नका. तिच्या मनगटाले दोरीचे वळ हायेत. गालावर काळंनिळं. रात्री वरडते. आमी शेजारी, आयकतो सारं. डोमाजीले विचारलं तं तो बोलत नाई, दार लावून घेते."

माधव तसाच वळला. मोटारीत बसला. मला नंतर म्हणाला, "बापूजी, सेलूपर्यंत मी मनातल्या मनात दादाशी भांडत होतो. काय बोलायचं ते सगळं पाठ करून ठेवलं होतं."

सेलूच्या पुढे मोटारीचा टायर फुटला. तो बदलला तर दुसरा फुटला. केळझरला उतरेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजून गेले. चंद्र उगवायला अवकाश होता. दोन्ही बाजूंना अर्धी वेचलेली कपाशी, मधून गाडीवाट. ठेचकाळत ठेचकाळत माधव घरासमोर पोचला तेव्हा त्यानं काडी ओढून घड्याळ पाहिलं. सव्वा अकरा.

आत चिमणी जळत होती. दाराच्या फटीतून उजेडाची रेघ दिसत होती. त्यानं कडी वाजवली.

"माय, दार उघड. मी माधो."

उजेडाची रेघ गेली.

आतून कोणीतरी फुंकर मारली होती. माधव थांबला. त्याला वाटलं, चोर समजले असतील. पुन्हा कडी वाजवली.

"दादा, मी हाय. दार उघड."

माणसं जागी होती. कोणीतरी अगदी दाराजवळ श्वास रोखून उभं आहे, हे त्याला कळत होतं. मग आईचा आवाज आला. आनंदाचा.

"आला वं... माझा माधो आला... सोड मले, डोमा. त्याले थंडी वाजत असन..."

मग बाज करकरली. झटापट झाली. आईचं बोलणं मधेच तुटलं. तोंडावर हात दाबला की तुटतं, तसं.

माधव मागच्या बाजूला धावला. तिथं गज लावलेली लहान खिडकी होती, आतून पोतं टांगलेलं. त्यानं गजांतून हात घालून पोतं सरकवलं. देवापुढं दिवा होता. त्या उजेडात त्यानं पाहिलं. आई बाजेवर उताणी. दोन्ही मनगटं दोरीनं बाजेला बांधलेली. डोमाजी तिच्या पायांवर बसलेला, एक पंजा तिच्या तोंडावर. कोपऱ्यात विमलाबाई, दोन्ही कानांत पदराचे बोळे घालून पुढंमागं डोलत होती.

"दादा! काय करून राह्यला हे? सोड तिले!"

डोमाजीनं खिडकीकडं पाहिलं नाही. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

माधवनं दार लाथांनी ठोकलं. आरडाओरडा केला. सारी गल्ली जागी होईल असा. समोरच्या घराचं दार बोटभर उघडलं... आणि लगेच लागलं. आतून अडसर सरकल्याचा आवाज आला. एकही माणूस बाहेर आला नाही.

शेवटी तो ओट्यावर बसला. आईसाठी आणलेली रजई अंगावर घेऊन, पहाट होईपर्यंत.

सकाळी विमलाबाई सडा टाकायला म्हणून दार उघडून बाहेर आली. ओट्यावर माधव दिसला तशी बादली तिथंच सोडून आत पळाली. डोमाजी बाहेर आला. उजेडात भावाकडं पाहत राहिला.

"काही बोल," डोमाजी म्हणाला.

"काय बोलू?"

डोमाजी दचकला. "नाई. नको बोलू. आत ये."

"रात्री दार काऊन नाई उघडलं?"

"रोजच येतं तू," डोमाजी म्हणाला. "कोन्त्या दिवशी उघडू?"

मग तो बोलला. जन्मात एका वेळी जितकं बोलला नसेल तितकं. पोळ्याला माधव येणार म्हणून आई दिवसभर दाराकडं कान लावून बसली होती. तो गेला नाही. त्या रात्री साडेअकराला बाहेरून माधवनं हाक मारली. डोमाजीनंच दार उघडलं. बाहेर कोणी नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री पुन्हा. चौथ्या रात्री सगळे झोपेत असताना आईनं चाचपडत कडी काढली.

"सकाळी नाल्याच्या पल्याड सापडली. कपाशीच्या पऱ्हाटीत. पाय काट्यानं भरले होते. म्हणे माधो पुढं पुढं चालत होता. थांब म्हटलं तं थांबत नव्हता, मागं पाहत नव्हता. तवापासून बांधतो. मारत नाई रे. बांधतो."

"मले चिठ्ठी काऊन नाई टाकली?"

"काय लिहू? तू रोज रात्री येतं म्हणून लिहू?"

तुम्हीच सांगा, माधवनं काय समजायचं? समोर आई. मनगटावरची कातडी सोलवटलेली. तो म्हणाला, "आंधळी म्हातारी मुलाच्या आठवणीनं रात्री उठते, त्याले तुमी भूत म्हणता. अन् बांधता. तोंड दाबता. उद्या जीव गेला तं?"

"तं मी पापी," डोमाजी म्हणाला. "मले मालूम हाय."

आईनं तोवर माधवचा आवाज ऐकला होता. हात पुढं करून ती आली. त्याचं कपाळ, नाक, गाल चाचपले. हसली.

"आज दिवसा आला रे तू," ती म्हणाली. "दिवसा तं तू कधी येत नाई."

माधवच्या अंगावर काटा आला, पण त्यानं तो रागात दाबला. तासाभरात आईचं गाठोडं बांधलं. डोमाजीनं अडवलं नाही, स्वतःच बैल जुंपले आणि केळझरपर्यंत सोडायला आला. मोटार आली तेव्हा एवढंच म्हणाला, "माधो, रात्री बाहेरून हाक येईन. ओ देऊ नको. अन् तिच्याशी बोलत राहजो. मले बोलता येत नाई, म्हणून मी दोरी..."

माधवनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास टांगा आमच्या गल्लीत आला. आईला उतरवायला मीच हात दिला. ते वळ मी डोळ्यांनी पाहिले. माधवनं मला सगळं सांगितलं, आणि मी म्हटलं, "असल्या भावाला तुरुंगात टाकायला पाहिजे." मीच म्हटलं.

सुलोचनानं सासूला गरम पाण्यानं आंघोळ घातली, मनगटांना हळद लावली, दुधात भाकरी कुस्करून भरवली. म्हातारी नऊला झोपली. बाहेरच्या खोलीत तिची बाज, खाली जमिनीवर माधवचं अंथरूण. सुलोचना आतल्या खोलीत. कंदील बारीक करून ठेवलेला. दाराला कडी.

आता नीट ऐका.

दोनला दहा मिनिटं कमी होती. माधवला जाग आली ती कोणाच्या तरी बोलण्यानं.

"माय, दार उघड."

त्याला वाटलं, आपणच झोपेत बोललो. त्यानं ओठांना हात लावला. ओठ मिटलेले होते.

"माय, दार उघड. मी माधो."

आपला आवाज दुसऱ्यांना कसा ऐकू येतो, हे आपल्याला माहीत नसतं. माधवला तो आवाज ओळखू आला नाही. कोणीतरी परका माणूस वाटला. पण आतल्या खोलीतून सुलोचना उठली. डोळे चोळत बाहेर आली. दाराकडं पाहत म्हणाली, "अहो, बाहेर केव्हा गेलात?" आणि कडी काढायला पुढं झाली.

"सुलोचना," माधव अंथरुणातून म्हणाला.

तिनं खाली पाहिलं. मग दाराकडं. मग पुन्हा खाली. तिचा हात कडीपाशी तसाच राहिला.

आई उठून बसली होती.

"आला... थंडीत उभा हाय तो. दार उघडा."

"माय, झोप. मी इथीच हाय. तुझ्याजवळ."

आईनं मान हळूहळू वळवली. ती त्याच्याकडं पाहू लागली. त्या पांढरट डोळ्यांनी. मग बाजेवर मागं सरकली. भिंतीला पाठ लागेपर्यंत.

"तू कोण?"

"माय... मी माधो."

बाहेरून लगेच आलं, "माय, मी माधो."

आई दोन्हीकडं कान देत होती. डावीकडं. उजवीकडं. तिचा चेहरा घाबरला होता, पण घाबरली होती ती आतल्याला. मग ती म्हणाली, "माधो तीन वर्साचा होता तवा त्याले देवी आल्या होत्या. एकवीस राती मी त्याले मांडीवर घेऊन बसली. एकच चाल गुणगुणत होती. कोन्ती, सांग."

माधवनं तोंड उघडलं. त्याला काही आठवेना. तीन वर्षांचं मूल, त्याला काय आठवणार? त्यानं डोक्याला ताण दिला... काहीच नाही.

बाहेर गुणगुणणं सुरू झालं.

हळू. तोंड मिटून. दाराला अगदी लागून.

आणि माधवला ती चाल ओळखू आली. ऐकली तेव्हा आठवली. तीच होती. आत बसलेला विसरला होता. बाहेरचा विसरला नव्हता.

"तोच माझा माधो," आई म्हणाली. "सोड मले."

ती उठली. माधवनं धरलं. म्हातारीच्या अंगात कुठून एवढी ताकद आली, देव जाणे. ती त्याला चावली. तोंड ओरबाडलं. "मारते मले! हा कोण घरात घुसला, माधो, मले मारते रे!" बाहेरून आवाज आला, "माय, मी उभा हाय. तू कडी काढ." आवाजात घाई नव्हती. राग नव्हता. लेकरानं पाणी मागावं, इतका साधा आवाज.

"सुलोचना, पाय धर तिचे!"

सुलोचना हलली नाही. ती माधवकडं पाहत होती. कोणाकडं पाहतेय हे ठरवता येत नसल्यासारखी... माधव म्हणाला, "बापूजी, ती नजर मला अजून दिसते."

"सुलू!" तो ओरडला. त्या नावानं तो तिला चारचौघांत कधी हाक मारत नव्हता. तेव्हा ती पुढं आली. रडत रडत सासूच्या पायांवर बसली. माधवनं दोन्ही मनगटं एका हातात धरली. आई किंचाळली. त्यानं दुसरा पंजा तिच्या तोंडावर दाबला.

आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

पहाटे साडेचारपर्यंत. मग कुठंतरी कोंबडा आरवला आणि बाहेरचा आवाज थांबला. वाक्याच्या मधेच.

आता माझं ऐका. त्या रात्री मला खोकला होता, मी जागाच होतो. दोनच्या सुमारास मी माधवला ऐकलं. स्वतःच्याच दारात उभा राहून हाका मारत होता. मला वाटलं, सासू आणली म्हणून बायकोनं बाहेर काढलं की काय. हसलो आणि कूस बदलली. मग म्हातारीची किंकाळी आली. "मारते मले!" तेव्हा मात्र मी उठून बसलो. गेलो नाही. का गेलो नाही, ते आजही मला नीट सांगता येत नाही. समोरच्या घराचं दार बोटभर उघडून लागलं होतं ना, तसाच मीही.

सकाळी गेलो. म्हातारी गाढ झोपली होती. ओठ फुटलेला. दोरीच्या वळांवर बोटांचे ताजे ठसे, पाचही मोजून घ्यावेत असे. मी संतापलो.

"मास्तर, तूही?"

माधव भिंतीला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बापूजी, रात्री माझा आवाज ऐकला तुम्ही?"

"ऐकला की. दारात उभा राहून..."

मी थांबलो. त्याच्या गालावर आणि मानेवर म्हातारीच्या नखांचे ओरखडे होते. रात्रभर आतच, आईला धरून बसलेल्या माणसाच्या अंगावर असावेत तसे.

"मी घरातून हललो नाही," तो म्हणाला.

त्यानं तोंडही धुतलं नाही. सुलोचनाजवळ मला बसवलं आणि पहिल्या मोटारीनं केळझरला गेला. दिवे लागायच्या आत डोमाजीला घेऊन आला. स्वतःच्या दारासमोर, साऱ्या गल्लीच्या देखत, माधवनं थोरल्या भावाच्या पायावर डोकं ठेवलं. डोमाजीनं त्याला उठवलं. आत जाऊन आईच्या उशाशी बसला.

"दोरी नाई," माधव म्हणाला.

डोमाजीनं मान हलवली.

त्या रात्रीपासून एका बाजूला डोमाजी, एका बाजूला माधव. दोघांनी आईचा एकेक हात हातात धरलेला. दाबून नव्हे, नुसता धरलेला. आणि माधव बोलत राहायचा. रात्री दहापासून उजाडेपर्यंत. काय बोलणार एवढं? शाळेतल्या गमती सांगायचा. झाडं पाणी कशी पितात, आकाश निळं का दिसतं, पाचवीचं सारं पुस्तक त्यानं आईला तोंडपाठ ऐकवलं. तिला विचारायचा, बाबा कसे होते, मी चालायला कधी लागलो, देवी आल्या तेव्हा तू काय खाऊ घालत होतीस. आई सांगायची. पंधरा वर्षांत दोघं इतकं बोलले नव्हते. दिवसा तो शाळेत फळ्यासमोर उभ्या उभ्या पेंगायचा.

बाहेरचा यायचा. कधी एकला, कधी तीनला. डोमाजीची नजर दाराकडं गेली की माधवला कळायचं. तो आवाज चढवायचा. बाहेरचाही चढवायचा. एकदा तर दोघांचे शब्द एकमेकांवर असे पडू लागले की कोणतं वाक्य कोणाचं, ते डोमाजीला कळेना. त्यानं आईचा कान स्वतःच्या छातीशी धरला.

सहाव्या रात्री माधवचा आवाज गेला.

दोन दिवस घोगरा झाला होताच. अडीचच्या सुमारास खोकल्याची उबळ आली. थांबली तेव्हा घशातून नुसता वारा. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. काही निघेना.

खोली शांत झाली.

"माय, दार उघड."

स्वच्छ. मोकळा. आवाज कालही तसाच होता, परवाही तसाच.

डोमाजीनं तोंड उघडलं, पण त्याला शब्द सुचेना. आयुष्यभर बोलला नाही, तो तेव्हा काय बोलणार? सुलोचना आतून धावत आली. आई उठून बसली होती. बाहेर ती चाल सुरू झाली. गुणगुणणं. दाराच्या अगदी जवळ...

आईनं हात सोडवून घेतला. डोमाजीनं डोळे मिटले.

तिनं तो हात माधवच्या गळ्यावर ठेवला. तिथं नुसती घरघर होत होती. ती थोडा वेळ तशीच बसली. एका कानानं बाहेरचं ऐकत. हाताखाली ती घरघर.

"आवाज बसला रे तुझा," ती म्हणाली.

मग दाराकडं तोंड केलं.

"माझा माधो बोलून बोलून दमला. तू दमत नाई. तू माझा नोहे. जाय."

चाल थांबली.

"सुलोचना, याले गरम पाणी दे वं," आई म्हणाली आणि आडवी झाली.

बाहेर... काही नाही. पाऊल वाजलं नाही. वाळलं पान हललं नाही. कोणी गेल्याचा आवाज आला नाही. चौघंही उजाडेपर्यंत दाराकडं पाहत बसले, असं म्हणायचं होतं मला, पण तसं नाही. तिघंच. आई झोपली होती.

त्यानंतर हाक आली नाही. एकदाही नाही.

म्हातारी फाल्गुनापर्यंत जगली. भरदुपारी गेली, उन्हात, डोमाजीच्या मांडीवर डोकं ठेवून. माधव जवळ बसून तिला काहीतरी सांगत होता. त्याचा आवाज पुढं सुधारला, पण पहिल्यासारखा झाला नाही. ते बरंच झालं, असं तो म्हणायचा. त्यानं गावाकडच्या शाळेत बदली मागून घेतली. आता तो भावाच्याच घरी असतो.

जाताना खोल्यांची किल्ली माझ्याकडं देऊन गेला. नवा भाडेकरू यायचा होता, म्हणून वैशाखात मी चुना मारून घ्यायला गेलो. उन्हाळा आपल्याकडचा तुम्हाला माहीत आहे. धुतलेलं धोतर दोरीवर टाकून हात खाली घेईपर्यंत वाळतं.

दाराच्या बाहेरच्या बाजूला मला एक डाग दिसला. तळहाताएवढा. उभ्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, जिथं दाराच्या दोन फळ्या मिळतात, अगदी त्या फटीवर. ओल होती. मी उपरण्यानं पुसली. पाहता पाहता पुन्हा आली. प्रेमदास सुताराला बोलावलं. त्यानं रंधा मारला. आतलं लाकूडही ओलंच. पुन्हा मारला. तसंच. "दार बदला बापूजी," एवढं बोलून तो हत्यारं गोळा करून गेला. मजुरी घ्यायलाही थांबला नाही.

मी एकटाच उरलो. दुपारचे दोन वाजले होते. मी तिथं तळहात टेकवला.

ओली जागा हाताला गार लागते ना, पोरांनो?

ही गार नव्हती.